वाढतंय, आंबतंय, लोळतंय

पोलिश भाषेत मिसरूड फुटलेल्या पोरालाही ‘विरोस्तेक’ म्हणतात आणि पोटातल्या अपेंडिक्सलाही. दोघांचा जन्म एकाच क्रियापदातून झालाय: ‘विरोस्नोंच’, म्हणजे वाढून बाहेर येणं. एक अंगानं सुटलेला, दुसरा आतड्याला फुटलेला. त्यामुळे हॉस्पिटलातून कुणी ‘विरोस्तेक काढला’ असा निरोप दिला, तर घरच्या पोराची काळजी करायची नाही.

पोलिशमधली वाढण्याची, आंबण्याची आणि आळसात लोळण्याची क्रियापदं अशीच एकमेकांच्या घरी बिनदिक्कत ये-जा करतात. शेतातला शब्द बरणीत उतरतो, बरणीतला माणसाच्या अंगात भिनतो, तळघरातला थेट बालवाडीत जाऊन झोपतो. या क्रियापदांवर माझा फार जीव आहे. यांतल्या प्रत्येक कामात करायचं थोडं आणि थांबायचं जास्त असतं. पेरलं, मीठ घातलं, पाय पसरले. पुढचं वेळ बघून घेते.

उच्चारांबद्दल एवढंच, की पोलिश क्रियापदाचं मूळ रूप बहुतेक वेळा ‘च’ने संपतं. आपल्या ‘मीच’, ‘हेच’मधल्या ठसक्याच्या ‘च’शी त्याचं काही नातं नाही, पण मराठी कानाला ते लगेच आपलंसं वाटतं.

एक धातू, भरलं घर

‘रोस्नोंच’ म्हणजे वाढणं, इंग्रजीतलं ‘ग्रो’. पण इंग्रजीत मूलही ‘ग्रो’ होतं आणि शेतकरी टोमॅटोही ‘ग्रो’ करतो. पोलिशला हे चालत नाही. एखादी गोष्ट आपली आपण वाढत असेल तरच ‘रोस्नोंच’. पीक घ्यायचं असेल तर ‘उप्रावियाच’, जनावरं पाळायची असतील तर ‘होदोवाच’. मराठीची शिस्त हीच: पोर वाढतं, ऊस पिकवतात, कोंबड्या पाळतात. (आपल्याकडे ‘वाढणं’ ताटातही होतं, ती मजा मात्र पोलिशमध्ये नाही.)

‘उप्रावियाच’चं रान मोठं आहे. पोलिश माणूस बटाट्याचं पीक घेतो त्याच क्रियापदानं खेळ खेळतो, जुगार खेळतो, राजकारण करतो आणि शरीरसंबंधही ठेवतो. इंग्रजीत या प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागतं. ‘होदोवाच’ची ख्याती मात्र एका वाक्प्रचारामुळे आहे: स्वतःच्या छातीशी साप पाळणं. आपण दूध पाजून पाळतो, ते छातीशी धरून. दंश दोघांनाही होतो.

आता ‘रोस्नोंच’ला नुसते उपसर्ग लावत जायचं. ‘ओद्‌रोस्नोंच’ म्हणजे कापलेले केस किंवा छाटलेली फांदी पुन्हा वाढणं. ‘झारोस्नोंच’ म्हणजे रान माजणं, बागेत आणि हनुवटीवरही. म्हणून दाढीच्या खुंटांना ‘झारोस्त’. ‘झ्रोस्नोंच शे’ म्हणजे मोडलेलं हाड जुळून येणं. ‘नारोस्नोंच’ म्हणजे कर्जावर व्याज चढत जाणं. शर्ट आखूड झाला, की पोरगं त्या शर्टातून ‘विरोस्नोंच’ झालेलं असतं. आणि एखादं काम आपल्या आवाक्यात राहिलं नाही, की ते काम ‘प्शेरोस्नोंच’, म्हणजे माणसापेक्षा उंच वाढून बसलं! वनस्पती म्हणजे ‘रोश्लिना’, वाढणारी ती. माणसाची उंची आणि देशाची आर्थिक वाढ या दोन्हींना एकच शब्द, ‘व्झ्रोस्त’.

या सगळ्यांत माझं आवडतं ‘दोरोस्नोंच’. वाढत वाढत एका रेषेपर्यंत पोचणं. त्यावरून ‘दोरोस्वी’ म्हणजे प्रौढ माणूस, जो वाढून पोचला तो. इंग्रजीतल्या ‘अॅडल्ट’च्या पोटातही हेच आहे: तो आणि ‘अॅडोलेसंट’ दोघे एकाच लॅटिन क्रियापदाचे, एक वाढून झालेला, एक अजून वाढणारा. पण पोलिशमध्ये वय झालं म्हणजे संपलं असं नाही. जबाबदारीपर्यंत ‘दोरोस्नोंच’ व्हावं लागतं, आईबाप होण्यापर्यंत व्हावं लागतं. चाळिशीतल्या माणसाबद्दलही म्हणता येतं, की तो अजून त्या कामापर्यंत वाढलेला नाही.

याचं भावंड ‘दोय्झेवाच’, पिकणं. आलुबुखार पिकतं, चीज मुरतं, मुलगी वयात येते, मनातला निर्णय पक्का होत जातो. सगळ्याला हेच क्रियापद. शाळा संपताना पोलिश मुलं जी मोठी परीक्षा देतात तिला बोलीत ‘मातुरा’ म्हणतात, लॅटिनमधल्या ‘पिकलेला’ या शब्दावरून. तिचं भारदस्त नाव ‘एग्झामिन दोय्झावोश्ची’, म्हणजे पिकल्याची परीक्षा. हातात पडतो तो दाखलाही पिकल्याचाच. अठरा-एकोणीस वर्षांची पोरं पाडाला आली, यावर सरकारी शिक्का!

पिकण्याच्याही पुढे गेलं तर? पोलंडला अळंब्यांचं वेड आहे. शरदात घरंच्या घरं टोपल्या घेऊन जंगलात शिरतात, आणि आदाम मित्स्कियेविच यांनी १८३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘पान तादेउश’ या महाकाव्यातही अळंबी वेचण्याचा प्रसंग आहे. त्यामुळे क्रियापदातही अळंबं आलंच. ‘ग्झिब’ म्हणजे अळंबं, आणि ‘झ्ग्झिब्येच’ म्हणजे म्हातारपणी सुरकुतून, आक्रसून जाणं. शब्दशः, अळंबं होणं. गोष्टी भराभर उगवल्या तर त्या ‘पावसानंतरच्या अळंब्यांसारख्या’, आपल्या कुत्र्याच्या छत्र्यांच्या सख्ख्या बहिणी.

वाढीचा हिशेब पोलिश कॅलेंडरातही आहे. एप्रिलचं नाव फुलावरून, जुलैचं लिंडेनच्या झाडावरून, ऑगस्टचं विळ्यावरून. नोव्हेंबर म्हणजे ‘लिस्तोपाद’, पानगळ. हाच शब्द क्रोएशियात ऑक्टोबरसाठी वापरतात, तेव्हा तिकडच्या मित्राशी भेटीची तारीख ठरवताना जपून. सगळ्यांत रंगतदार जून. ‘चेर्व्येत्स’ हे नाव एका किड्याच्या अळीवरून आलंय. जूनच्या अखेरीस, सेंट जॉनच्या सणाच्या सुमाराला, एका रानटी रोपाच्या मुळांवरून या अळ्या गोळा करत आणि त्यांच्यापासून लाल रंग काढत. पोलिशमध्ये ‘लाल’ला आजही त्याच घराण्यातला शब्द आहे, ‘चेर्वोनी’.

शहरातल्या माणसाला हे वाढवण्याचं सुख मिळतं ‘जाव्का’वर. जाव्का म्हणजे सामुदायिक बागेतला छोटा तुकडा, कायद्यानं जास्तीत जास्त ५०० चौरस मीटर. अशी पहिली बाग १८९७ मध्ये ग्रुजोंज या गावात उभी राहिली आणि तिचं नाव होतं ‘सूर्यस्नान’. आज देशभरात असे नऊ लाखांहून जास्त तुकडे आहेत. शनिवारी तिथे काकडी लावायची, टोमॅटोला आधार द्यायचा आणि मग आरामखुर्ची उघडायची. वाढवणं आणि लोळणं यांची अशी एकत्र सोय मला दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

बरणीतली भाषा

वाढण्याकडून आंबण्याकडे न्यायला एक वाक्प्रचार तयार बसलाय. मूल झपाट्यानं वाढलं, की ते ‘याक ना द्रोझ्जाख’ वाढलं, म्हणजे यीस्टवर ठेवल्यासारखं. कारण पोलिशमध्ये कणीकही ‘रोस्नोंच’च होते. इंग्रजीत ती ‘राइज’ होते, मराठीत पीठ फुगून वर येतं. ईस्टरला जो ‘बाबा’ नावाचा उंच, हलका केक करतात त्याचं पीठ वर येत असताना जुन्या घरांत दारं आपटायची बंदी असे, झुळूक लागू देत नसत, आवाजही हळू. भट्टीतून काढलेला बाबा बसू नये म्हणून पिसांच्या उशांवर आडवा ठेवून थंड करत.

आता खरं आंबवणं. दोन क्रियापदं: ‘किशिच’ आणि ‘क्फाशिच’. दोन्ही एकाच मुळाची, एका घरातली. आंबट कोबी म्हणजे सावरक्राउट, त्याला दोन्ही चालतात. पण बाजारात गिऱ्हाईक फरक करतं. ‘किशोने’ लिहिलं असेल तर निव्वळ मीठ-पाण्यात आपोआप आंबलेलं. ‘क्फाशोने’ असेल तर वरून आम्ल घालून काम लवकर उरकलं असेल, अशी शंका घेतात. सरळ व्हिनेगरमधल्या काकडीला तिसरंच नाव, ‘कोन्सेर्वोवे’. इंग्रजी सगळ्याला ‘पिकल’ म्हणून मोकळी होते.

या मुळाची एक गोष्ट मराठी माणसानं ऐकायलाच हवी. पोलिश ‘क्फास’ म्हणजे आंबट, आम्ल. व्युत्पत्तीचे अभ्यासक हा स्लाव शब्द संस्कृत ‘क्वथ्’शी, म्हणजे उकळणं, खळखळणं याच्याशी जोडतात. बुडबुडे चुलीवर आले काय आणि पिंपात आले काय, पूर्वजांना दोन्ही सारखेच दिसले असणार. आणि ‘क्वथ्’पासून मराठीत काय आलं? काढा आणि कढी! म्हणजे वॉर्साच्या घरातलं बिटाचं आंबवण आणि आपल्या ताटातली कढी हे शब्दांच्या नात्यानं चुलत घराणं. काही अभ्यासक इंग्रजी ‘चीज’लाही याच कुळात बसवतात.

काकडीची बरणी मात्र जवळून बघण्यासारखी असते. बोटाएवढ्या, गाठीगाठींच्या, करकरीत काकड्या घ्यायच्या. धुतलेल्या बरणीच्या तळाला शेपूचा फुलोरा, देठासकट. त्यावर लसणाच्या पाकळ्या आणि हॉर्सरॅडिशच्या मुळीचा तुकडा. मुळी अशी झणझणीत, की सोलताना डोळ्यांतून पाणी येतं. मग ओकचं, चेरीचं किंवा ब्लॅककरंटचं पान. या पानातलं टॅनिन काकडी मऊ पडू देत नाही. काकड्या उभ्या, खांद्याला खांदा लावून दाबून बसवायच्या. लिटरभर पाण्याला शिगोशीग एक मोठा चमचा मीठ, आणि ते पाणी काकड्या बुडेपर्यंत. व्हिनेगरचा थेंब नाही. काकडीच्या सालीवरच बसलेले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू, आपल्या दह्यातल्यांचे भाऊबंद, तिच्यातली साखर खायला लागतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळतं, कडेनं बारीक बुडबुडे चढतात, झाकण उघडलं की लसूण आणि शेपूचा एकत्र वास येतो. या अवस्थेतली काकडी म्हणजे ‘मावोसोल्ने’, कमी खारट; वरून हिरवीगार, आत अजून कच्ची. काही आठवड्यांनी ती शेवाळी रंगाची, गाभ्यात पारदर्शक, पुरती आंबट होते, ती ‘किशोने’. उरलेलं पाणी फेकायचं नाही. त्याचं सूप होतं, आणि रात्री जास्त झालेल्यांचं सकाळचं औषधही तेच.

कोबीचा थाट याहून मोठा. शरदात पिंपं भरायची. चिरलेला कोबी, मीठ, आणि वरून पायांनी तुडवायचा. हो, पायांनी! घासूनपुसून स्वच्छ केलेल्या पायांनी पिंपात उभं राहून कोबी तुडवणं ही खेड्यातली जुनी रीत होती. दाबला की कोबी स्वतःचं पाणी सोडतो आणि त्यातच आंबतो.

त्यातूनच माणसांच्या वाक्यांत हे क्रियापद शिरलं. ‘किशिच शे’ म्हणजे आपल्याच रसात आंबत बसणं. तेच ऑफिस, तीच चार डोकी, बाहेरची हवा नाही, की लोक म्हणतात, आम्ही इथे आंबतोय. इंग्रजीतली माणसं त्याच रसात शिजतात, आंबत नाहीत. लोकांत कुरबुरी वाढल्या की तिथे ‘क्फासी’ आहेत, आंबटपणं आहेत. नव्या पिढीनं मात्र ‘किस्नोंच’, आंबणं, याला भलतंच वळण दिलं: तरुण पोरं हसून हसून बेजार झाली, की म्हणतात ‘किस्ने’, मी आंबतोय.

आणि हा माझ्या लेखी सगळ्यांत चविष्ट शब्द: ‘झाक्फास’. पावाचं किंवा सूपचं आंबवलेलं विरजण. त्याचंच अनेकवचन ‘झाक्फासी’ म्हणजे व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दुखणारे स्नायू. पहिल्यांदा ट्रेकला गेलेला पोलिश माणूस सकाळी उठून कण्हत सांगतो, की मला झाक्फासी झालेत. आपण काय म्हणतो? अंग आंबून गेलंय! दोन भाषांनी, एकमेकींना न विचारता, दमलेल्या शरीराला आंबवणाच्या पातेल्यात टाकलं. पोलिश समजूत अशी, की स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून दुखतं. शास्त्रज्ञांनी ती खोडून काढली आहे. ते आम्ल तासा-दोन तासांत निघून जातं, आणि दुसऱ्या दिवसाचं दुखणं स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचं असतं. पण शब्द हटत नाही, आणि अंग आंबायचं आपलंही थांबत नाही.

सूपांकडे वळू. ‘बार्श्च’ आज बिटाचं लालभडक सूप आहे आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री पोलिश ताटाची सुरुवात बऱ्याच घरी त्यानंच होते. पण हे नाव बिटाचं नाहीच, ते एका रानभाजीचं आहे. एके काळी तिची पानं-देठं आंबवून सूप करत. पुढे रानभाजी गेली, बीट आलं, नाव तेच राहिलं. ‘किशेल’ची तऱ्हा अशीच. नावात आंबट, मुळात ओटच्या आंबवणाचं, आणि आज फळांच्या रसाला स्टार्च लावून केलेली गोड खळ. आंबटपणा उडाला, शब्द राहिला.

‘झुर’ मात्र नावाला जागतो. राईचं पीठ आणि पाणी चार-पाच दिवस आंबवून केलेलं हे सूप; नाव जर्मनमधल्या ‘आंबट’वरून. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवास. त्यात मांस नाही, झुर आणि हेरिंग मासा मात्र पुन्हा पुन्हा. लोक इतके कंटाळत, की उपवास संपताना गावात झुरची अंत्ययात्रा काढत. मडकं वाजतगाजत न्यायचं आणि फोडायचं किंवा पुरायचं. आणि लगेच ईस्टरच्या सकाळी तोच झुर, आता सॉसेज आणि उकडलेलं अंडं घालून, मानानं ताटात!

घरी बिअर करणाऱ्यांची भाषा तर ऐकत राहावी अशी. आंबण्याचा पहिला, फसफसता टप्पा म्हणजे ‘बुझ्लिवा’, वादळी. दुसरा म्हणजे ‘चिखा’, शांत. ‘कुठवर आलं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘वादळी झालं, आता शांतवर आहे.’ तरुण माणसालाही हीच मुभा आहे. त्यानं ‘विशुमेच शे’ व्हावं, म्हणजे काय सळसळायचं, फेसाळायचं ते एकदा फेसाळून घ्यावं. इंग्रज पोरगा याच वयात रानटी ओट पेरत फिरतो.

आडवं होण्याचं शास्त्र

तिसऱ्या कुळाची राणी ‘लेझाकोवाच’. धातू ‘आडवं पडणं’ याचा. तळघरात पिंपातली वाईन आणि बिअर मुरत पडते, तेव्हा ती ‘लेझाकोवाच’ करते. बालवाडीत दुपारी जेवण झालं, की छोट्या खाटा मांडतात, पडदे ओढतात आणि तीन-चार वर्षांची पोरं ‘लेझाकोवाच’ करतात. तेच क्रियापद, तोच अर्थ: शांत, आडवं, अंधारात, हलवू नका. इंग्रजीही इथे आडून सामील आहे. ‘लागर’ बिअरचं नाव जर्मनमधून आलं आणि तेही मुळात पडून राहण्याच्याच घराण्यातलं.

त्याच्या शेजारी ‘वेरांदोवाच’. हिवाळ्यात जन्मलेल्या बाळाला एकदम बाहेर नेत नाहीत. आधी काही दिवस टोपी, मोजे, दुलईसकट उघड्या खिडकीशी किंवा गॅलरीत थोडा थोडा वेळ ठेवतात. हे बाळाचं ‘वेरांदोवाच’. पूर्वी हा शब्द क्षयाच्या रुग्णांसाठी होता. सॅनेटोरियमच्या लांबलचक व्हरांड्यांत तासन्‌तास थंड हवेत पडून राहणं हाच तेव्हा मोठा उपचार होता. झाकोपानेजवळ डोंगरात असं एक नामांकित सॅनेटोरियम १९०२ मध्ये सुरू झालं. ते उभारणाऱ्या जोडप्यातली ब्रोनिस्वावा द्वुस्का ही मारी क्युरींची थोरली बहीण. आणि क्रियापदातला व्हरांडा? तो युरोपात पोचला भारतातून. आता मूळ शब्द आपला की पोर्तुगिजांचा, यावर अभ्यासकांचं भांडण आहे. पण गोव्याच्या घरांपुढे पाय पसरून बसलेल्या कुणालाही त्या शब्दाचा अर्थ शिकवावा लागणार नाही.

पोलिश क्रियापदं महाराष्ट्राच्या मातीतही बोलली गेलीत. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत हद्दपारीतून सुटलेले पोलिश लोक, बहुतांश बायका आणि मुलं, इराणमार्गे भारतात आले, आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवडे छावणीत त्यांतले सुमारे पाच हजार राहिले. पाचगणीतही आजारी पोलिश मुलांना हवापालटासाठी ठेवत असत. घर हरवलेल्या त्या मुलांनी ‘दोरोस्नोंच’ हे क्रियापद इथल्या हवेत जगून दाखवलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

आता शुद्ध, बिनभेसळ आळस. सभ्य शब्द ‘प्रुझ्नोवाच’. तो ‘प्रुझ्नी’, म्हणजे रिकामा, यावरून. मराठीतही आळशाला रिकामटेकडाच म्हणतात. इंग्रजी ‘आयडल’चा जुना अर्थ काय होता? रिकामा! तीन भाषांनी एकच भांडं वाजवून बघितलं आणि तिघींना तोच आवाज आला.

बोलीत मात्र प्राणीसंग्रहालय उघडतं. ‘बिचिच शे’ म्हणजे बैल होणं. सुट्टीत उन्हात पसरलेला माणूस बैल झालेला असतो. ‘झ्बियाच बोंकी’ म्हणजे बोंक पाडत बसणं. बोंक म्हणजे गांधीलमाशीएवढी गुबगुबीत भुंगेरी माशी. त्याच शब्दाचा अर्थ भोवरा आहे, आणि एका पाणपक्ष्यालाही तोच. नेमकं काय पाडत होते यावर एकमत नाही, पण माश्या मारत बसणाऱ्या मराठी माणसाला कल्पना पटकन येईल. इंग्रज त्या वेळात स्वतःचे अंगठे एकमेकांभोवती फिरवतो.

झाडं इथेही येतातच. ‘क्फित्नोंच’ म्हणजे फुलणं, बहरणं. धंदा बहरतो तोही यानंच. पण बसस्टॉपवर तासभर ताटकळलेला माणूस फोनवर वैतागून सांगतो, ‘मी इथे फुलतोय!’ एका जागी रुजून इतका वेळ गेला, की आता फक्त फुलं यायची बाकी. ‘वेगेतोवाच’चं उलटं झालंय. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ चैतन्य आणणं असा होता. शेतीत तो वाढीच्या हंगामासाठी आला. माणसावर आला तेव्हा मात्र कसंबसं, भाजीपाल्यासारखं जगणं. इंग्रजी ‘व्हेजिटेट’ही त्याच वाटेनं गेला.

‘न्येब्येस्की प्ताक’ हा तर सुरेखच. न्येब्येस्की म्हणजे निळा, आणि स्वर्गीय, आभाळातलाही. बायबलमध्ये आभाळातल्या पाखरांचा दाखला आहे, जी पेरत नाहीत आणि कापणीही करत नाहीत. पोलिश माणसानं हा पक्षी उचलला आणि काम न करता मजेत जगणाऱ्याला चिकटवला. कम्युनिस्ट सरकारला असे पक्षी खपत नव्हते. एप्रिल १९५० मध्ये ‘समाजवादी कामाची शिस्त’ राखणारा कायदा आला, दांडी मारणाऱ्याच्या पगारात कपात होऊ लागली, आणि दांडीबहाद्दराला सरकारी शिवी मिळाली, ‘बुमेलांत’. शब्द जर्मनमधून आलेला. इंग्रजीतला भटक्या ‘बम’ही बहुधा तिथलाच. पुढे मार्शल लॉच्या काळात, ऑक्टोबर १९८२ मध्ये, १८ ते ४५ वयाच्या पुरुषांनी तीन महिने काम किंवा शिक्षण न करता काढले तर सरकारदरबारी नाव नोंदवावं, असाही कायदा झाला. ते सरकार गेलं. शब्द अजून आहे, आणि आज तो प्रेमानंही वापरतात.

आळसाचं माप पोलिश व्याकरण उपसर्गांनी घेतं, आणि हे मला खरंच कौतुकाचं वाटतं. ‘पो’ लावला की थोडा वेळ: ‘पोलेझेच’, जरा आडवं होणं. ‘झा’ लावला की प्रमाणाबाहेर: पाहुणा ‘झाशेजेच शे’ झाला, म्हणजे उठायचं नावच घेईना. ‘प्शे’ लावला की हातचं घालवणं: ‘प्शेस्पाच’, झोपेत संधी गमावणं. आणि ‘विस्पाच शे’ म्हणजे अगदी हवी तेवढी, मनासारखी झोप होणं. इंग्रजीकडे याला एक शब्दही नाही. सोमवारी सकाळी पोलिश लोक एकमेकांना विचारतात, ‘विस्पाच शे’ झालं का? अख्खी विचारपूस एका क्रियापदात.

यान ब्झेख्वा यांनी मुलांसाठी ‘लेन’, म्हणजे आळशी, नावाची कविता लिहिली. पोलंडमध्ये शाळकरी वयापासून सगळे तिला ओळखतात. तिच्यातला पठ्ठ्या पलंगावर बसून, आपल्याला आळशी म्हटल्याबद्दल रागावतो आणि दिवसभरात आपण काय काय केलं याची यादी देतो.

जुलै-ऑगस्टमध्ये सगळा देशच आडवा होतो. संसद सुट्टीवर, नाटकं बंद, वर्तमानपत्रांना बातम्या नाहीत. या दिवसांना म्हणतात ‘सेझोन ओगुर्कोवी’, काकडीचा हंगाम. काकड्या मळ्यात धो धो येतात, बरण्या भरल्या जातात, आणि छापायला काहीच नसल्यामुळे तळ्यात दिसलेल्या अजस्र प्राण्याच्या बातम्या पहिल्या पानावर झळकतात. इंग्रजीत हाच काळ ‘सिली सीझन’. पण जर्मन मंडळी पोलिशांच्या बाजूनं आहेत, त्यांच्याकडेही तो आंबट काकडीचाच.

शेवटी ‘पोंचेक’. या शब्दाचा एक अर्थ झाडावरची कळी. दुसरा, यीस्टच्या पिठाचा तळलेला गोल डोनट, आत गुलाबाचा मुरांबा. पिठात चमचाभर कडक दारू घालतात, म्हणजे ते तूप-चरबी कमी पितं. पीठ नीट फुगलं असेल, तर तळताना पोंचेक इतका हलका तरंगतो, की त्याच्या कंबरेला फिकट पट्टा राहतो; जाणकार तो पट्टा बघूनच विकत घेतात. आणि ज्याचं छान, बिनकष्टाचं चाललंय तो ‘लोण्यातल्या पोंचेकसारखा’ जगतो. आपली पाचही बोटं तुपात, इंग्रजांची गाय क्लोव्हरच्या कुरणात. उपवासाच्या आधीचा शेवटचा गुरुवार हा पोंचेकचा दिवस. त्या दिवशी बेकऱ्यांपुढे पहाटेपासून रांगा लागतात, ऑफिसांत खोक्यांवर खोकी येतात, आणि ज्यानं एकही खाल्ला नाही त्याचं वर्ष काही खरं नाही, असं पोलिश आज्या ठासून सांगतात.